कार्योत्तर मंजुरी

नानांना अंतराळाबद्दल काडीचंही कुतूहल नाही, हे आधीच सांगून टाकतो. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरत होतं, तेव्हा आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीने तळमजल्यावर मोठा पडदा लावला होता. वडे होते, चहा होता, पोरांच्या हातात झेंडे होते. नानांनी थोडा वेळ पडद्यावरची ती खाली-खाली येणारी रेघ पाहिली आणि विचारलं, "आत कोण आहे?" कोणीही नाही असं कळल्यावर त्यांनी वडा संपवला, हात पुसले आणि घरचा रस्ता धरला. जाता जाता जिन्यात म्हणाले, "माणसंच नाहीत, तर मीटिंग कोण घेणार?"

आणि हाच मनुष्य गेली चाळीसेक वर्षं 'स्टार ट्रेक' बघत आला आहे. अशा मालिकेच्या चाहत्याला तारे, कृष्णविवरं, प्रकाशवर्षं यांत रस असणार असा आपला समज असतो. प्रकाशवर्ष हे वेळेचं माप की अंतराचं, याची नानांना आजही खात्री नाही आणि ती करून घ्यावी असं वाटतही नाही. 'एंटरप्राइझ' जहाज एखाद्या अनोळखी ग्रहापाशी येऊन थांबलं, की आपण ग्रह बघतो. नाना जहाजावरचं कामकाज बघतात.

या मालिकेच्या चाहत्यांत जाती-पोटजाती पुष्कळ. कोणी टोकदार कान लावून संमेलनांना जातात. कोणी क्लिंगॉन भाषा शिकतात. मार्क ओक्रँड या भाषातज्ज्ञाने ती खास चित्रपटांसाठी रचली, तिचा कोश निघाला आणि पुढे कोणीतरी तिच्यात अख्खं 'हॅम्लेट' उतरवलं. नाना यांच्यातले नव्हेत. नाना क्षणवाले. अख्खा भाग बघायची त्यांना गरज उरलेली नाही, तो पाठ आहे. ते आवडते क्षण तेवढे बघतात, आणि बघण्यापेक्षा जास्त दाखवतात.

त्यासाठी त्यांच्याकडे एक रजिस्टर आहे. लांबट, कापडी पुठ्ठ्याचं, सरकारी कचेरीत आवक-जावक लिहायला असतं तसलं. (ते घरी कसं आलं, हे मी कधी विचारलेलं नाही.) रकाने आखलेले आहेत: अनुक्रमांक, मालिका, भाग, क्षण, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात 'उत्तम', 'ठीक' आणि क्वचित 'पुन्हा सादर करावे'. नोंद क्रमांक एकपासून सुरू होते, पण पहिला नंबर कोणाचा यावरून नानांचा नानांशीच वाद असल्यामुळे त्या ओळीवर तीनदा पांढरी शाई फिरलेली आहे.

दाखवण्याची पद्धत ठरलेली. "बस. पाच मिनिटं." मग रिमोट. क्षण जवळ आला की नाना उठून टीव्हीच्या शेजारी उभे राहतात, पडद्याकडे पाठ आणि तोंड आपल्याकडे. पडद्यावर काय चाललंय हे त्यांना आवाजावरून कळतं. बघायचा असतो तो आपला चेहरा. त्यामुळे बघणाऱ्यावर फार ताण येतो. नेमक्या सेकंदाला भुवया वर गेल्या नाहीत, तर भाग मागे नेला जातो. गॅसचा सिलिंडर आणून देणारा, पोलिओच्या डोसासाठी दार वाजवणारी ताई, पुतण्याला सांगून आलेल्या मुलीचे मामा, सगळ्यांनी हे भोगलं आहे. फक्त एक नळदुरुस्तीवाला नानांना पुरून उरला. जहाजाचा इंजिनिअर स्कॉटी एका अरुंद, तिरप्या नळकांड्यात शिरून दुरुस्ती करतो तो क्षण नाना त्याला दाखवत होते. या जागेला मालिकेत 'जेफ्रीज ट्यूब' म्हणतात. जहाजाचा आराखडा करणाऱ्या मॅट जेफ्रीजचं नाव तिला गमतीने चिकटलं. नळवाला शांतपणे बघत राहिला आणि म्हणाला, "डक्ट बरोबर ठेवलीय. माणूस आत जातो. तुमच्या बिल्डरने ठेवली असती तर मला बाथरूमची फरशी फोडायला लागली नसती." नानांनी त्याचं बोलणं शब्दशः रजिस्टरात घेतलं. शेरा: 'उत्तम'.

मालिका मूळ अमेरिकेतली. जीन रॉडनबेरी हा तिचा जन्मदाता. ८ सप्टेंबर १९६६ ला एनबीसीवर सुरू झाली, तीन वर्षं चालली, ७९ भाग झाले आणि बंद पडली. त्याआधी एकदा बंद पडायला आली होती, तेव्हा प्रेक्षकांनी वाहिनीला पत्रांवर पत्रं पाठवून तिसरं वर्ष पदरात पाडून घेतलं. पत्रव्यवहाराने एखादं काम झाल्याचं हे आपल्या माहितीतलं एकमेव उदाहरण, असं नाना सांगतात. वर्ष मिळालं, पण खर्चाला कात्री लागली आणि वेळ मिळाली शुक्रवारी रात्री दहाची. "म्हणजे मंजुरी दिली आणि निधी कापला," नाना म्हणतात. "तिकडेही आपलीच माणसं आहेत."

नाना एका सरकारी खात्यात होते. कोणत्या, ते सांगत नाही. खातं अजून आहे. कोकणातल्या एका लहानशा पुलाची फाईल त्यांच्या टेबलावर ते लागले त्या वर्षी अंदाजपत्रकाच्या अवस्थेत आली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले तेव्हा सुधारित अंदाजपत्रकाच्या अवस्थेत होती. मधल्या काळात नदीने वाट बदलली. या माणसाला प्रकाशापेक्षा वेगाने जाणारं जहाज पाहून आश्चर्य वाटत नाही. त्याला आश्चर्य वाटतं ते वेगळ्याच गोष्टींचं, आणि त्याच गोष्टी रजिस्टरात आहेत.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागू लागलं, तेव्हा नाना चाळीत राहत होते. दोन खोल्या, लाकडी शटरचा काळा-पांढरा टीव्ही, समोर नानांच्या मातोश्री आणि मजल्यावरची पोरं. ते भरधाव अमेरिकन इंग्रजी कोणाच्याच कानात शिरत नसे, नानांच्याही नाही. पण टीव्ही त्यांचा, म्हणून अर्थ सांगायची जबाबदारी त्यांच्यावर. नानांनी पहिल्याच रविवारी पदं वाटून टाकली. कप्तान कर्क म्हणजे साहेब. टोकदार कानांचा स्पॉक म्हणजे हेडक्लार्क, सगळे नियम पाठ आणि चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. आणि सतत तावातावाने बोलणारा डॉक्टर मॅकॉय म्हणजे युनियनचा पुढारी. या तीन पदांवर कुठलीही गोष्ट बसवता येते. पुढे डीव्हीडी आल्या, खाली अक्षरं दिसू लागली आणि खऱ्या गोष्टी बऱ्याच वेगळ्या निघाल्या. तरी नाना आपल्या आवृत्तीवर ठाम आहेत. मातोश्रींची शंका एकच असे. "हे जेवतात कधी रे?"

काळ्या-पांढऱ्या टीव्हीने एक मोठा घात केला होता. या मालिकेत कप्तानाबरोबर ग्रहावर उतरणाऱ्यांत कोणी लाल शर्टाचा अनोळखी गडी असेल, तर तो मरणार हे जगभरच्या चाहत्यांना पक्कं ठाऊक असतं. लाल शर्ट म्हणजे सुरक्षारक्षक आणि इंजिन-खात्यातली मंडळी. नानांच्या टीव्हीवर सगळेच करडे. कोण मरणार याचा पत्ता लागायचा नाही, आणि दर रविवारी मजल्यावरची पोरं मनापासून हादरायची. रंगीत टीव्ही आला त्या दिवशी नानांना सगळं उलगडलं आणि एक प्रकारचा पश्चात्तापही झाला, की इतकी माणसं आपण उगाच अनपेक्षित म्हणून सोसली. तेव्हापासून नाना लाल शर्ट घालत नाहीत. भाच्याच्या लग्नात मुलीकडच्यांनी सगळ्यांना लाल झब्बे दिले, तेव्हा हे बनियनवर बसले होते. मात्र पुढच्या मालिकेत रंग फिरले आणि लाल कप्तानाकडे गेला. त्यावर नानांनी मौन पाळलं आहे. त्या दूरदर्शनी काळाची भरपाई करणारा भाग एकच. त्यात अर्धं अंग काळं, अर्धं पांढरं अशा दोन माणसांचं हाडवैर असतं. कारण काय, तर एकाची उजवी बाजू काळी आणि दुसऱ्याची डावी. वर्णद्वेषावर १९६९ साली इतकं सरळ बोट ठेवलेलं असताना नानांचा शेरा असा: 'काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर काहीही वाया न गेलेला एकमेव भाग.'

आता रजिस्टरातल्या जाड नोंदींकडे येऊ.

'द डेव्हिल इन द डार्क' नावाचा भाग आहे. एका ग्रहाच्या पोटातल्या खाणीत काहीतरी प्राणी खाणकामगारांना मारत असतो. दगडासारखा दिसणारा, सिलिकॉनचा बनलेला. शेवटी कळतं की ती आई आहे आणि खाणवाले जे गोल दगड फोडून टाकत होते, ती तिची अंडी. डोळ्यांत पाणी यावं असा प्रसंग. नानांच्या डोळ्यांत येतंही, पण दुसऱ्याच ठिकाणी. प्राणी जखमी असतो, डॉक्टर 'मी काय गवंडी आहे?' अशा आविर्भावात आधी कुरकुरतो, मग जहाजावरून शंभर पौंड काँक्रीट मागवतो आणि जखमेत थापून देतो. प्राणी बरा होतो. नाना इथे भाग थांबवतात. "शंभर पौंड! मागणीपत्र नाही, निविदा नाही, तीन दरपत्रकं नाहीत. डॉक्टरने मागितलं आणि स्टोअरने दिलं!" त्यांचा आवाज इथे खरोखर कापतो.

'अमोक टाइम' १९६७ चा. स्पॉकच्या जमातीत ठराविक काळाने माणसाला घरी जाऊन लग्न करावंच लागतं, नाही तर तो मरतो. मूळ प्रकार जरा उष्ण आहे, पण नानांनी मातोश्रींसाठी तो सोवळा करून सांगितला. "त्याला गावी जायचंय, घरचं कार्य आहे." मातोश्री म्हणाल्या, "मग द्या की त्याला रजा." आणि नेमकं तेच तर घडतं! कप्तानाला वरून हुकूम असतो भलत्या ग्रहावर समारंभाला हजर राहण्याचा. तो हुकूम मोडून अख्खं जहाज स्पॉकच्या गावाकडे वळवतो. वडिलांच्या वर्षश्राद्धाला नानांना अर्ध्या दिवसाची रजा मिळाली होती, तीही 'अपवाद म्हणून'. या भागात हाताची चार बोटं मधोमध फाकवून केलेला तो प्रसिद्ध नमस्कार पहिल्यांदा दिसतो. लिओनार्ड निमॉयने तो लहानपणी ज्यू प्रार्थनास्थळात पाहिलेल्या पुरोहितांच्या आशीर्वादावरून घेतला. शेवटी आपल्या हातून मेला असं समजलेला मित्र जिवंत दिसतो आणि स्पॉकच्या दगडी चेहऱ्यावर क्षणभर हसू फुटतं. जगभरचे चाहते त्या हसण्यावर जीव टाकतात. नानांचा क्षण त्याच्या थोडा पुढे आहे. ग्रहावरची एक वजनदार म्हातारी वरपर्यंत शब्द टाकते आणि सगळं उरकल्यावर जहाज वळवायची परवानगी येते. "कार्योत्तर मंजुरी!" नाना मांडीवर थाप मारतात. "आधी काम, मग कागद. आमच्याकडे उलटं. आणि त्यातही कागदाच्या पुढे जात नाही."

काटकसरीवर नानांचा वेगळा जीव. माणसाला जागच्या जागी विरघळवून ग्रहावर उतरवण्याची ती युक्ती रॉडनबेरींना सुचली, कारण दर आठवड्याला जहाज जमिनीवर उतरलेलं दाखवायचा खर्च झेपणारा नव्हता. तो चमचमाट म्हणजे प्रकाशाच्या झोतात सोडलेली ॲल्युमिनियमची भुकटी. सगळ्यांत पहिल्यांदा दाखवलेल्या भागात माणसांच्या अंगातलं मीठ शोषणारा राक्षस होता. त्यासाठी चित्रविचित्र मीठदाण्या आणल्या. त्या फारच चित्रविचित्र, प्रेक्षकांना मीठदाण्या म्हणून ओळखूच येणार नाहीत असं ठरलं, म्हणून त्या डॉक्टरच्या पेटीत गेल्या आणि पुढे शस्त्रक्रियेची उपकरणं झाल्या. हे वाचल्यापासून नानांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, स्टीलची मीठदाणी जेवणाच्या टेबलावर टिकत नाही. पाहुण्याच्या छातीवरून ती फिरवून झाल्यावर ती नेमकी चिवड्याच्या डब्यात सापडते.

ट्रिबल हा मांजरीच्या पिल्लासारखा गुबगुबीत, गुरगुरणारा प्राणी, जन्मतःच गरोदर. 'द ट्रबल विथ ट्रिबल्स'मध्ये ते धान्याच्या कोठारात शिरतात. स्पॉक तोंडी हिशेब सांगतो: एकाला सरासरी दहा पिल्लं, बारा तासांना नवी पिढी, तीन दिवस. म्हणजे एकाचे अकरा, असं सहा वेळा. १७,७१,५६१. नानांनी कागदावर करून पाहिलं आणि शेरा मारला, 'पडताळणी केली.' मग कप्तान कोठाराचं दार उघडतो आणि ट्रिबल्सचा ढीग त्याच्या अंगावर कोसळतो. छातीपर्यंत बुडून तो गंभीरपणे बोलत असतो, आणि वरून एकेक ट्रिबल टप्पकन त्याच्या डोक्यावर पडत राहतो. उरलेले एकेकच का पडतात? खरं कारण असं, की पडद्यामागची माणसं अंदाजाने फेकत होती. पण १९९६ मध्ये, तिसाव्या वर्षाच्या निमित्ताने, 'डीप स्पेस नाईन' या पुढच्या मालिकेने आपली पात्रं जुन्या चित्रीकरणात बेमालूम मिसळून एक भाग केला. त्यात दाखवलं, की वर कोठारात दोघं जण बॉम्ब लपवलेला ट्रिबल शोधत बसले होते आणि तपासून झालेले खाली टाकत होते. "आक्षेप १९६७ चा, खुलासा १९९६ चा," नाना म्हणतात. "पण दिला! एकोणतीस वर्षांनी का होईना, लेखी आक्षेपाला उत्तर दिलं."

याच भागात नाना आणखी एकदा थांबवतात. स्कॉटी हातांत ट्रिबल्स धरून येतो, तेव्हा उजव्या हाताचं मधलं बोट नसल्याचं दिसतं. हे काम करणारा जेम्स डूहन ६ जून १९४४ ला कॅनडाच्या फौजेबरोबर नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला होता. तिथे गोळ्या लागल्या, बोट गेलं. तो हात तो आयुष्यभर कॅमेऱ्यापासून लपवत असे. एवढ्या नोंदीत नानांचा शेरा कोरा आहे.

भारताशी या मालिकेचा संबंध मोठा गमतीचा. खान नून्येन सिंग हा तिचा सर्वांत गाजलेला खलनायक. उत्तर हिंदुस्थानातला, बहुधा शीख, असं भागात सांगतात. काम केलं मेक्सिकोच्या रिकार्दो मोंतालबानने, आधी मालिकेत आणि मग १९८२ च्या चित्रपटात. पुन्हा २०१३ मध्ये चित्रपट निघाला तेव्हा खान झाला बेनेडिक्ट कंबरबॅच, गोरापान इंग्रज. उलट १९७९ च्या पहिल्या चित्रपटात आपल्या मुंबईची, १९६५ ची मिस इंडिया पर्सिस खंबाटा होती, ती मात्र डेल्टा नावाच्या ग्रहावरची. आणि डोक्याचा चकोट केलेली. तो फोटो मासिकात पाहून मातोश्रींनी "कोण गेलं बिचारीचं?" असं विचारलं होतं. नानांचं म्हणणं, भारतीयाची जागा भरायची झाली की जाहिरात कुठे देतात तेच कळत नाही.

१९८७ मध्ये 'द नेक्स्ट जनरेशन' सुरू झाली. सात वर्षं, १७८ भाग. जहाजाचं नाव तेच, माणसं नवी. कप्तान पिकार्ड झाला पॅट्रिक स्ट्युअर्ट, शेक्सपियरच्या नाटकांत मुरलेला नट. जुन्या कप्तानाला एखादी अडचण आली की तो ठोसा मारी. पिकार्ड बैठक बोलावतो. खिडकीबाहेर तारे, मध्ये लांब टेबल, प्रत्येक खात्याचा प्रमुख. पिकार्ड विचारतो, पर्याय काय? एक जण सांगतो, दुसरा भर घालतो, तिसरा धोका दाखवतो. कप्तान ऐकतो. मध्येच तोडत नाही, फोन घेत नाही, 'हे मागेच करायला हवं होतं' म्हणत नाही. मग दोन-तीन शब्दांत सांगतो, असंच करा. पुढच्या दृश्यात ते झालेलं असतं!

नानांनी हे केबलवर पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा काकू सांगतात, ते उठून उभे राहिले होते. इतिवृत्त नाही, उपसमिती नाही, पुढच्या बैठकीची तारीख नाही. रजिस्टरातली पानंच्या पानं या बैठकांनी भरली आहेत, आणि सामान्य चाहत्याला त्यात एकही आवडता क्षण सापडणार नाही. मी एकदा म्हटलं, "नाना, हे तर गोष्टीतले सगळ्यांत रटाळ तुकडे आहेत." नानांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तू खाजगीत नोकरी केलीस," म्हणाले.

एकच अपवाद. १९९० मध्ये शत्रूने पिकार्डलाच पळवून आपल्यात मिसळून घेतलं, आणि त्याच्या हाताखालचा रायकर त्या जहाजावर मारा करण्याचा हुकूम देतो, तिथे वर्ष संपवलं. प्रेक्षक जूनपासून सप्टेंबरपर्यंत ताटकळले. आदेश जूनमध्ये, अंमलबजावणी सप्टेंबरमध्ये. एवढा भाग नानांना वास्तववादी वाटतो.

'डार्मोक'ची गोष्ट काकूंशिवाय सांगता येत नाही. त्यात टमेरियन नावाची जमात आहे. भाषांतर करणारं यंत्र त्यांचे शब्द फोडून देतं, तरी अर्थ लागत नाही, कारण ही माणसं फक्त आपल्या पुराणकथांच्या दाखल्यांनी बोलतात: अमका वीर, तमक्या बेटावर, अमका, भिंती कोसळल्या तेव्हा. पिकार्डला हे उमगेपर्यंत जिवावर बेततं. नाना-काकूंना एका मिनिटात उमगलं. त्या रात्रीपासून घरात टमेरियन सुरू झाली. सिलिंडर ऐन फोडणीला संपला की काकू आतून ओरडतात, "कर्ण! चाक रुतलं तेव्हा!" संध्याकाळचं दादर स्टेशन म्हणजे "अभिमन्यू, सातव्या फेरीत." नानांची पाठ धरली की "भीष्म, बाणांवर." दुपारी मी त्यांच्याकडे गेलो आणि नाना कुठे आहेत विचारलं, तर काकू भाजी निवडत म्हणाल्या, "कुंभकर्ण, ढोल वाजण्याआधी." अख्ख्या आकाशगंगेत ज्या कप्तानाला हे कोडं सुटायला एक माणूस गमवावा लागला, त्याने डोंबिवलीत एखाद्या दुपारी चहाला यायला हवं होतं, असं माझं मत आहे.

'द इनर लाइट' मात्र नाना कोणाला दाखवत नाहीत. पिकार्ड बेशुद्ध पडतो आणि पंचवीस मिनिटांत एका नाहीशा झालेल्या गावात अख्खं आयुष्य जगून येतो. बायको, मुलं, नातू, म्हातारपण. शुद्धीवर येतो तेव्हा त्यातली फक्त बासरी उरलेली असते. विचारलं तर नाना म्हणतात, "त्यात काही नाही रे, एक म्हातारा बासरी वाजवतो." निवृत्तीनंतर ते बासरीच्या क्लासला जात होते, हे मला काकूंनी सांगितलं. खालच्या मजल्यावरच्यांनी दोनदा समजूत घातल्यावर ते बंद झालं.

काकूंचं स्वतःचं मत पहिल्यापासून एकाच मुद्द्यावर अडलेलं आहे. मालिकेचा अगदी पहिला, नापसंत झालेला नमुना-भाग तयार झाला, त्यात कप्तानाच्या खालोखाल अधिकारी बाई होती. नावच 'नंबर वन'. दुसरा नमुना-भाग केला तेव्हा स्पॉक राहिला, बाई गेली. ते काम करणारी मेजल बॅरेट पुढे मालिकेत परत आली ती नर्स म्हणून. "आणि जहाजाच्या कॉम्प्युटरचा आवाजही तिचाच," नाना घाईघाईने सांगतात. "तेच," काकू म्हणतात. "खुर्ची काढून घेतली, कामं सगळी तिलाच."

गेल्या वर्षी नाना सोसायटीचे अध्यक्ष झाले. आमच्याकडे सभेला जो उशिरा येतो त्याला अध्यक्ष करतात. पुढची सर्वसाधारण सभा रविवारी सकाळी, विषय एकच: गच्चीवरची गळकी टाकी. नानांनी प्लास्टिकच्या खुर्च्या गोल नव्हे, लांब टेबलाभोवती मांडल्या. बसताना झब्बा दोन्ही हातांनी खाली ओढला. पिकार्ड उठता-बसता अंगरखा तसाच ओढतो. मग सगळ्यांवरून नजर फिरवली आणि भारदस्त आवाजात म्हणाले, "पर्याय?"

असा प्रश्न सोसायटीत आजवर कोणी विचारला नव्हता. बी-विंगने सांगितलं, टाकी बदला. ए-विंगने सांगितलं, पाणी बी-विंगकडे झिरपतं, त्यांनी पैसे भरावे. तिसऱ्या मजल्याने टाकीवरून गाडी पार्किंगवर आणली, पार्किंगवरून कुत्र्यावर, कुत्र्यावरून गणपतीच्या वर्गणीवर. एक आजोबा मागच्या समितीच्या काळात गायब झालेल्या सतरंजीबद्दल कळकळीने बोलले. नाना ऐकत राहिले. मध्येच कोणाला तोडलं नाही. दोन तासांनी त्यांनी हात वर केला आणि शांतपणे म्हणाले, "ठीक. तसं करा."

"कसं?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

त्या शांततेत गच्चीवरून ठोकण्याचा आवाज आला. ठक, ठक, ठक. मग काकू पदराला हात पुसत जिन्यातून खाली आल्या. "टाकीवाला सकाळी आठलाच आलाय," त्या म्हणाल्या. "आपला तोच, नळवाला. साडेचार हजार ठरलेत. पावती घेऊन ठेवा."

नाना क्षणभर गोंधळले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज पसरलं, की मी त्यांना इतक्या वर्षांत तसं पाहिलं नव्हतं. ते उठले, झब्बा ओढला आणि म्हणाले, "सभा या कामाला कार्योत्तर मंजुरी देत आहे. हरकत?" साडेबारा वाजले होते, घराघरांतून आमटीचे वास येत होते. सगळे हात वर गेले.

"शाब्बास, नंबर वन!" नाना काकूंना म्हणाले.

"त्या नंबर वन बाईला पहिल्याच फेरीत काढलं होतं," काकू म्हणाल्या. "खुर्च्या उचला आधी. आणि माझी मीठदाणी कुठेय?"